स्टिअरिंग तेवढं ह्यांच्या हाती

५ जानेवारी

पेपरात पहिल्या पानावर नवा मोटार वाहन कायदा. राज्य सरकारला दुसरं काही काम उरलेलं दिसत नाही. बाजूला मंत्र्यांचा हेल्मेट घातलेला फोटो, तोही खुर्चीत बसून. खुर्चीचा भरवसा नसावा.

चष्मा पुसून सगळी कलमं वाचून काढली. मागच्या सीटवरच्यांनीसुद्धा पट्टा लावायचा. स्कूटरवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालायचं. चौकाचौकात कॅमेरे. चूक झाली की लायसन्सवर पॉइंट चढणार, बारा झाले की लायसन्स जप्त. आमच्या वेळी बरोबर उत्तराला मार्क मिळायचे, आता चुकीला मिळणार. आणि अगदी खाली बारीक अक्षरात, म्हणजे जिथे खरी मेख असते तिथे: साठ वर्षं पूर्ण झालेल्याने लायसन्स नवं करताना गाडी चालवायची टेस्ट पुन्हा द्यायची आणि डॉक्टरी तपासणीही करून घ्यायची.

ह्यांना वीस फेब्रुवारीला साठ पूर्ण होतात. लायसन्स त्याच दिवशी संपतं.

लेकीचे दिवस भरतात मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिलीच खेप. तिने मला बजावून सांगितलंय, आई, मला आत नेतील तेव्हा तू दारात दिसली पाहिजेस. तिचं गाव गाडीने अडीच तास. बसने जायचं तर मध्ये बदलायची, आणि थांबे इतके की आपण पोचेपर्यंत बाळ रांगायला लागेल. तेव्हा लायसन्स हवंच.

हे म्हणाले, देऊ की टेस्ट, त्यात काय.

त्यात काय म्हणे. ह्यांना वाटतं गाडी हे चालवतात. गाडी घेऊन तेरा वर्षं झाली, स्टिअरिंग ह्यांच्या हातात आहे हे मान्य. पण टाइप करतो कारकून, पत्र असतं साहेबाचं. ब्रेक कधी, हॉर्न कधी, वळायचं कुठे, हे सगळं डाव्या सीटवरून मी सांगते. तेरा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, ह्यांच्या नावावर एक पावती नाही. उगाच नाही होत ते.

संकल्प: ह्यांची तयारी मी जातीने करून घेणार. सकाळची प्रार्थना झाली की रोज अर्धा तास.

११ जानेवारी

तयारी अजून सुरू झालेली नाही. ह्यांना सकाळी पेपर लागतो.

वरच्या मजल्यावरची आज नवऱ्याच्या स्कूटरवर मागे हेल्मेट घालून बसून गेली. लाल भडक. घरातलं पातेलं उपडं घातलं असतं तर पैसे वाचले असते आणि दिसलंही बरं असतं. बँकेत कॅशियर आहे म्हणून स्वतःला फार समजते. जिन्यात मला म्हणते कशी, काकू, मागे बसणाऱ्यालाच जास्त लागतं, त्याच्या हातात काही नसतं ना. मी म्हटलं, तुझ्या हातात नसेल.

दुपारी आठवलं तेव्हा ते उत्तर आणखीच बरं वाटलं.

आमच्या गाडीत मागचे पट्टे प्लास्टिकच्या आत आहेत. कंपनीतून आलेलं प्लास्टिक मी अजून काढू दिलेलं नाही, म्हणून सीट कोऱ्या करकरीत आहेत. आता पट्ट्यापायी ते फाडायचं का? सरकार नवी सीट देणार आहे का? हे म्हणाले, मागे बसतंच कोण. तेही खरं. पाहुणे आले तर आपापले येतील.

१८ जानेवारी, रविवार

सराव. बाजारापर्यंत जाऊन आलो. घराच्या दारातच ह्यांना बजावलं, आज टेस्ट आहे असं समजून चालवा आणि मी इन्स्पेक्टर आहे असं धरा. हे म्हणाले, ते मी कायमच धरतो.

दिलेल्या सूचना, आठवतील तेवढ्या: हळू. अहो, हळू. सायकलवाला. आरसा बघा. समोर बघा. कुत्रं. गेलं कुत्रं. हॉर्न. इतका नको. पिवळा लागला, काढा, काढा. उजवीकडचा माणूस मूर्ख आहे. सावलीत लावा. नको, तिथे वर पक्षी बसतात.

हे एका शब्दाने उलट बोलत नाहीत. मान हलवतात आणि शांतपणे करायचं ते करतात. वरचीचा नवरा बघावा. ती एक बोलते, तो चार. मग वळण राहतं बाजूला आणि दोघं पेट्रोल पंपाच्या भिंतीशी. माणसाला इतकं ऐकायला शिकवायचं म्हणजे वर्षं जातात. दोन मात्र खोडी आहेत. पिवळ्याला काहीही केलं तरी थांबतात. आणि कधीकधी मी डावीकडे म्हणते तेव्हा सरळ जातात. पण सरळ जाऊनही पोचतो, म्हणजे माझाच विचार हे पुढे नेत असावेत.

माझ्या पायाखालचं रबरी मॅट ब्रेकच्या जागी दाबून दाबून झिजलंय, भोक पडायला आलंय. ह्यांच्या बाजूचं अजून नवं. गाडी कोण थांबवतं ते त्या मॅटला विचारा.

२५ जानेवारी

संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये नव्या कायद्यावर व्याख्यान. फुकट होतं म्हणून गेले. वाहतूक खात्याचा एक अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. चेपलेल्या गाड्या, कोसळलेले खांब. लोक माना डोलावत होते, जणू काही ते कधी उलट्या बाजूने शिरलेच नाहीत. पहिल्या रांगेत डोलावणारा तळमजल्यावरचा वकील रोज आमच्या फाटकासमोर आडवी गाडी लावतो.

प्रश्न विचारा म्हणाला तेव्हा मी उभी राहिले. विचारलं, चालकाने शेजारच्या अनुभवी व्यक्तीच्या सांगण्यावरून गाडी चालवली, तर पॉइंट कुणाच्या नावावर? म्हणाला, चालकाच्या. मी विचारलं, आणि चांगली चालवली तर श्रेय कुणाचं? म्हणाला, त्याचे पॉइंट नसतात, ताई. सगळे हसले. वरचीसुद्धा.

असल्या माणसांना कायदा करायला बसवतात. गाढवाला गुळाची चव काय.

येताना प्रत्येकाला चमकणारी एक पट्टी फुकट दिली, सायकलला लावायची. सायकल नाही. दोन घेतल्या.

२ फेब्रुवारी

लायसन्स ऑफिस. टेस्टची तारीख घ्यायला ह्यांच्याबरोबर गेले. रांगेत उभ्याउभ्या नामस्मरण झालं, तेवढाच वेळ सार्थकी.

खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, टेस्टच्या वेळी मी कुठे बसायचं? म्हणाला, काकू, टेस्ट तुमची आहे का? मी म्हटलं, ह्यांची. मग तुम्ही बाहेर बाकावर बसा, म्हणाला. मी त्याला सावकाश समजावलं की आम्ही दोघं मिळून चालवतो. त्याने पेन खाली ठेवलं. पलीकडच्या खिडकीतल्या बाईला हाक मारली आणि मला म्हणाला, काकू, हे जरा परत सांगा. मी परत सांगितलं. दोघांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. ऑफिसात निदान एवढी तरी रीत उरली आहे.

नियम असा: गाडीत फक्त उमेदवार आणि परीक्षक. परीक्षक बसणार डाव्या सीटवर. म्हणजे माझ्या सीटवर.

परीक्षक दिसला. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. ह्याला गाडी थांबवता तरी येते का?

टेस्ट नऊ तारखेला. ह्यांना घरी येऊन म्हटलं, घाबरू नका. म्हणाले, नाही घाबरत. आतून घाबरलेले असणार. माझा आवाज नसताना ह्या माणसाने आजवर गाडी हलवलेली नाही.

९ फेब्रुवारी

हे पास.

तपशील लिहून ठेवते. टेस्टचा ट्रॅक जाळीच्या कुंपणाआड. मी जाळीला लागूनच उभी राहिले. सीट त्यांनी घेतली असेल, हात नव्हते घेतले. आठ आकड्याचं वळण, चढावर थांबणं, दोन खांबांमधून मागे घेणं, प्रत्येक ठिकाणी खुणा केल्या. थांबा. वळा. आणखी. बस. पहारेकरी दोनदा आला. एकदा म्हणाला, मावशी, विमान उतरवताय का? लक्ष दिलं नाही. ह्यांनीही एकदाच इकडे बघितलं आणि मान हलवली.

एकसुद्धा चूक निघाली नाही. ते पोर उतरून म्हणालं, काका, इतकं शांत चालवणारं माणूस नवा नियम आल्यापासून पहिलंच बघतोय.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणून लोक हसतात. शेळ्या घरी पोचल्या की नाही ते कुणी बघत नाही. आज कुंपणाबाहेरून पोचवल्या.

येताना गाडीत विचारलं, खुणा कळल्या ना? ह्यांनी मान हलवली.

आता फक्त डॉक्टरी तपासणी. तो नुसता उपचार.

१३ फेब्रुवारी

तपासणी. डोळे ठीक. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. मग ह्यांच्या कानावर ते मोठे हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजवा कान झाला, पटापट दाबलं. मग डावा.

हे बटण धरून नुसते बसले. मला वाटलं, मशीन सुरू व्हायचं आहे. डॉक्टरीणबाईंनाही तेच वाटलं असावं, त्यांनी वायर काढून परत घातली. मग आवाज वाढवला. आणखी वाढवला. इतका, की दाराजवळच्या खुर्चीत मला ऐकू आला. हे समोरचं कॅलेंडर वाचत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, डावा कान जवळजवळ पूर्ण गेलाय, कधीपासून? हे म्हणाले, गाडी घेतली ना आम्ही, त्याच्या आदल्या हिवाळ्यात मोठी सर्दी झाली होती, तेव्हापासून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? हे उत्तर देईनात. मग उजव्या बाजूला जाऊन परत विचारलं. म्हणाले, अगं, घरात एका कानावर भागतं की.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि गाडी चालवताना काही त्रास?

हे म्हणाले, छे. गाडीत फार शांत असतं.

दोन घास जाईनात. अन्न टाकू नये म्हणून संपवलं.

१४ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेला बसले आणि सगळा उलगडा झाला. देव तरी कुठे आपल्यासारखा कानाने ऐकतो? तरी पोचायचं ते पोचतंच. माझं सांगणं ह्यांच्यापर्यंत तेरा वर्षं पोचत होतं, फक्त कानावाटे नव्हतं. एरवी बिनओरखड्याची तेरा वर्षं निघतात का?

तरी खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, मग मान कशाला हलवायचात? म्हणाले, तुझा हात हलला की हलवतो.

म्हणजे हात दिसत होता. झालं तर मग.

डाव्या कानाला यंत्र बसवलं तरच लायसन्स मिळेल आणि गाडीत ते कायम लावलेलं हवं. लायसन्सवर तसं छापूनच देतात. एकच कान गेला हे एक बरं. दुकानदार म्हणत होता, जोडी घेऊन टाका. मी म्हटलं, चप्पल आहे का.

कायद्याला मी जरा घाईनेच नावं ठेवली. सरकारने पहिल्यांदाच काही माझ्या सोयीचं केलंय. यंत्राशिवाय इतकी वर्षं सुरळीत गेली, आता यंत्रासकट काय जातील.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवं लायसन्स, नवं यंत्र, पहिली फेरी.

गल्लीच्या टोकापर्यंत माझं नेहमीचं चाललं होतं. टोकाशी ह्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, तू हे रोज बोलतेस?

मी म्हटलं, रोज.

म्हणाले, बाजारापर्यंत?

मी म्हटलं, येतानाही.

ह्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. मग म्हणाले, इतकी वर्षं सांगते आहेस, आज तुझं ऐकून बघतो.

पहिला चौक. पिवळा लागला. मी म्हटलं, काढा. ह्यांनी काढली. मधोमध पोचलो तेव्हा लाल. खांबावरच्या कॅमेऱ्याने डोळा मिचकावला.

पुढे मी म्हटलं, डावीकडे घ्या, जवळ पडतं. घेतली. एकेरी रस्ता निघाला, आणि आम्ही त्याच्या तोंडातून शिरण्याऐवजी शेपटीतून. समोरून अख्खी रांग. एकेक गाडीवाला काच खाली करून ह्यांना काहीतरी सांगून गेला. ह्यांना सगळं ऐकू आलं.

बाजाराशी पांढऱ्या पट्ट्यांवरून एक बाई पिशव्या घेऊन चाललेली. मी म्हटलं, हॉर्न द्या, थांबेल. दिला. ती थांबली. पिशवीतले कांदे थांबले नाहीत. कोपऱ्यावरचा शिट्टीवाला पोलीस आला, कांदे गोळा केले आणि मग ह्यांचं लायसन्स मागितलं.

संध्याकाळपर्यंत ह्यांच्या मोबाइलवर तीन मेसेज. एकूण दहा पॉइंट.

हे खाली जाऊन गाडीचे आरसे पुसत बसले.

दोष यंत्राचा आहे. आवाज पोचवतं, अर्थ पोचवत नाही. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काकू, अर्थाची गॅरंटी नसते.

२५ फेब्रुवारी

हे चहा पितापिता म्हणाले, दोनच पॉइंट उरलेत. आणखी एक चूक झाली की लायसन्स गेलं. मग लेकीकडे कसं जायचं? यंत्र काढता येत नाही, कायदा आहे. तेव्हा तू एक तर मागे बस, नाहीतर पुढे बसून गप्प राहा.

मी म्हटलं, मागे बसायचं तर प्लास्टिक काढावं लागेल. म्हणाले, काढू.

ह्या माणसाला कान आल्यापासून तोंडही आलंय.

संकल्प: स्वतःचं लायसन्स काढायचं. एकदा माझ्याही नावाचं कार्ड असलं की कोण कुणाला सांगतं त्याला कायद्याचाच आधार. आधी शिकाऊ लायसन्सची परीक्षा, मग पुढचं. वरचीने नियमांची पुस्तिका आणून दिली. तिला म्हटलं, मी मॅट्रिक आहे, आणि तेव्हाचं मॅट्रिक म्हणजे पाठांतर नव्हतं. पुस्तिकेला कव्हर घालून ठेवली. मळायला नको, परत द्यायची आहे.

५ मार्च

परीक्षा दिली.

लेखी म्हणतात, पण लिहायचं काही नाही, पडद्याला बोट लावायचं. वीस प्रश्न, सगळे व्यवहारातले. पिवळा दिवा लागल्यास: वेग वाढवून निघून जावे. पट्ट्यांवर पादचारी असल्यास: हॉर्न देऊन सावध करावे. मागून रुग्णवाहिका आल्यास: तिच्यापुढे वेगाने जात तिला रस्ता मोकळा करून द्यावा. अरुंद पुलावर समोरून ट्रक आल्यास: दिवे दाखवून आपण आधी जावे. भराभर लावत गेले. शेजारचा पोरगा एकेका प्रश्नाला कपाळ धरून बसत होता.

एक प्रश्न खास माझ्यासाठीच काढल्यासारखा. चालकाच्या शेजारी बसलेल्या व्यक्तीचे कर्तव्य. पर्यायांत एक होता, चालकाचे लक्ष विचलित न करणे. हसू आलं. कच्च्या लोकांनी फसावं म्हणून असले पर्याय मुद्दाम घालतात. मी लावलं, वेळोवेळी सूचना देणे.

पडदा लाल झाला. अनुत्तीर्ण. वीसपैकी तीन.

खिडकीत तोच कारकून. म्हणाला, काकू, पंधरा दिवसांनी या, आणि पुस्तिका वाचून या. मी म्हटलं, ज्यांनी उत्तरं ठरवली त्यांना गाडीत बसवून आणा एकदा. म्हणाला, कुणाच्या गाडीत?

उद्धट.

ह्यांना सांगितलं, मशीन बंद होतं. वरचीला पुस्तिका परत दिली, कव्हर काढून घेऊन.

९ मार्च

लेकीचा फोन. डॉक्टर म्हणतात आता कधीही. जावयाने अंगणात झाडू मारून गाडीला जागा करून ठेवली आहे. लेक म्हणाली, आई, बॅग भरून ठेव, आणि हे बघ, गाडीत बाबांशी भांडू नकोस. मी आणि भांडते? तिचा आवाज जरा ओला वाटला. म्हणाली, मला भीती वाटते, तू लवकर ये. मी म्हटलं, मी आहे ना.

संकल्प, शेवटचा आणि पक्का: जाताना वाटभर मौन. मनातल्या मनात देवाचं नाव. मला काय कठीण आहे. एकदा घसा बसला होता तेव्हा अख्खा दिवस बोलले नव्हते. हे अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

रंगीत तालीम म्हणून आज बाजारापर्यंत गेलो. एक शब्द बोलले नाही. फक्त कुत्रं आडवं आलं तेव्हा श्वास जोरात आत घेतला. हे म्हणाले, तोही ऐकू येतो बरं का.

१२ मार्च, पहाटे

जावयाचा फोन. कळा सुरू झाल्या. निघतोय. पुढची सीट, मौनाची अट मान्य. प्लास्टिक वाचलं.

त्याच दिवशी, गाडीत

लिहीत बसले म्हणजे बोलावं लागत नाही. पहिला चौक, काही बोलले नाही. दुसरा चौक, काही बोलले नाही. टेम्पो फार जवळून गेला. बोलले नाही. पाटीवर साठ लिहिलंय, हे पन्नासने चाललेत. बोलले नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय, तो तरी सुटला. माझ्यासारखा निग्रह ह्या रस्त्यावर आज दुसऱ्या कुणाचा नसेल. पुढे सिग्नल

९.१५, बसस्टँड

काय झालं ते नीट लिहून ठेवते, उद्या कुणी भलतंच सांगायला नको.

गावाबाहेरचा शेवटचा सिग्नल पिवळा झाला. रस्ता मोकळा, आडवं कुणी नाही, आणि लेक तिकडे दाराकडे डोळे लावून. मी एकच शब्द बोलले. काढा. हे थांबले. मी म्हटलं, ऐकू येत नाही का? म्हणाले, येतं ना, म्हणून तर थांबलो. मग जे निघालं ते तीन दिवसांचं साठलेलं होतं. हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला. शेवटी मी म्हटलं, एवढी जड झाले असेन तर मला इथेच उतरवा, जाते मी बसने.

आता ही बोलायची एक पद्धत असते. ह्या सीटवरून हे मी पूर्वीही कितीदा म्हटलेलं आहे. गाडी कधी थांबली नव्हती.

आज ह्यांनी आरसा पाहिला. डावा सिग्नल दिला. मागचा ट्रक जाऊ दिला. बसथांब्याला सोडून, नियमात सांगितलंय तेवढ्या अंतरावर, गाडी अलगद कडेला लावली आणि हँडब्रेक ओढला. त्या पोराने पुन्हा पास केलं असतं. म्हणाले, पाण्याची बाटली घे, उन्हं चढतील. आणि पोचल्यावर फोन करतो.

उतरले. शब्द दिल्यावर माघार घ्यायची आपल्याकडे रीत नाही. दार आपटलं. थोडी थांबले, हाक मारतील म्हणून. ह्यांनी परत आरसा पाहिला, सिग्नल दिला आणि गेले. चौकातून बरोबर उजवीकडे वळले. कुणी सांगितलं नसताना.

पहिली बस मिळाली, ती इथवरच. दुसरीची वाट बघतेय. वेळापत्रक लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी बस पाहिलेली नसावी.

११.०५, दुसरी बस

ड्रायव्हरच्या अगदी मागची सीट मिळाली. उत्तम जागा, समोरचं सगळं दिसतं. हा माणूस वळणावर फार उशिरा ब्रेक मारतो. त्याला सांगितलं, दोनदाच. त्याने न वळता डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. चालकाशी बोलू नये. मी म्हटलं, ते इतरांसाठी. त्याने कंडक्टरला हाक मारली.

आता शेवटच्या बाकावर आहे. कंडक्टरने उभं राहून पट्टा लावून घेतला. नवा कायदा, म्हणाला.

११.४०

लेकीचा फोन. नात झाली. दोघी सुखरूप. देवाची कृपा.

हे कधीच पोचले. तिला आत नेलं तेव्हा दारात हे उभे होते. बाळ पहिल्यांदा ह्यांच्याच हातात दिलं. लेक म्हणाली, आई, अगं, ही अशी रडली, बाबा म्हणाले दोन्ही कानांनी ऐकली. मग म्हणाली, तू कुठवर आलीस?

खिडकी पुढच्या बाकापाशी संपते. मागून काही दिसत नाही. कुठवर आले ते मला सांगता आलं नाही.